गॅलनभर गार चहा आणि आईची साखर

आम्ही अमेरिकेत जॉर्जियात राहतो, अटलांटाच्या वर अल्फारेट्टा म्हणून गाव आहे तिथं. जुलैत बाहेर पाऊल टाकलं की ओला टॉवेल तोंडावर मारल्यासारखं वाटतं, आणि अशा हवेत चार जुलैला, म्हणजे इथल्या स्वातंत्र्यदिनाला, सगळी गल्ली मिळून अंगणात जेवण करते. कुणी मका आणतं, कुणी कोलस्लॉ म्हणजे कोबीची कोशिंबीर. चहा मात्र दरवर्षी शेजारच्या आजींचा. चहा म्हणजे स्वीट टी, बर्फ घातलेला, गोड, उंच ग्लासातला.

यंदा आजींच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. त्यांनी कुंपणापाशी मला गाठून सांगितलं, चहा तू कर, तुम्ही इंडियाचे ना, तुला काय शिकवायचं!

इथंच नाही म्हणायला पाहिजे होतं. मी कोल्हापूरचा. आमच्याकडे चहा म्हणजे आधण ठेवायचं, आलं ठेचायचं, साखर-पत्ती टाकायची, दूध घालायचं आणि तो दोन-तीनदा वर येऊन गॅसवर सांडेपर्यंत उकळायचा. बर्फाचा आणि त्याचा संबंध एवढाच की गार झाला तर परत गरम करतात. पण देशाच्या इज्जतीचा प्रश्न आला की माणूस हो म्हणतो, मीपण म्हणालो.

कृती आजींनीच सांगितली. एक गॅलन म्हणजे पावणेचार लिटर, त्याला चहाच्या फॅमिली साइजच्या चार पिशव्या आणि साखर दोन कप. मी परत विचारलं, दोन कप? त्या म्हणाल्या, हो, सध्या डॉक्टरांनी कमी करायला सांगितलीय.

दोन कप म्हणजे साधारण चारशे ग्रॅम! आई सहा महिन्यांसाठी आलीय, तिला हे सांगितलं तर तिने हातातली चवळीची शेंग खाली ठेवली. "चहा करतोयस का गुलाबजाम?"

पहिला घाणा मी आपल्या सवयीने उकळला. चांगला दहा मिनिटं. गार केल्यावर तो जो काही झाला तो प्यायला नाही, नारळाची दोरी वळायला वापरला असता तरी चाललं असतं, जीभ टाळूला चिकटून बसली. इथं पत्ती उकळत नाहीत, पाणी उकळतात, गॅस बंद करतात, पिशव्या सोडतात, झाकण ठेवून पाच-सात मिनिटांनी काढतात. काढताना पिळायच्या नाहीत, पिळल्या की सगळा कडवटपणा उतरतो. आता मला सांगा, पिशवी न पिळता टाकून द्यायची हे मराठी माणसाला जमतं का? आम्ही टूथपेस्टची ट्यूब लाटण्याने लाटतो.

दुसऱ्या घाण्याला पिळलं नाही (एकच पिळली, आई बघत होती). चहा गार केला, बर्फ टाकला आणि मग साखर घातली, म्हटलं गार पेय आहे म्हणजे सरबतासारखंच असणार. ढवळून ढवळून खांदा गेला, तरी साखर तळाला, पन्हाळ्याच्या पायथ्याला मुरूम पडावा तशी. वरचा चहा फिका आणि शेवटचा घोट नुसता चावायचा. आई म्हणाली, "आपण आधणातच साखर टाकतो ना रे, इथं आल्यावर विसरलास?"

हा टोमणा एवढा लागला की रात्री फोनवर शोधत बसलो. तर आई आहे बरोबर. 2003 साली एक एप्रिलचा मुहूर्त धरून जॉर्जियाच्या काही आमदारांनी गमतीत एक विधेयक आणलं होतं, जे हॉटेल गार चहा विकतं त्याने स्वीट टी ठेवलाच पाहिजे, नाहीतर गुन्हा, आणि त्यात स्वीट टीची व्याख्या दिलेली की साखर चहा करतानाच घातलेली पाहिजे. म्हणजे आई आणि जॉर्जियाची विधानसभा एका मताची. माझ्याही बाजूने एक पुरावा सापडला बरं का, 1879 सालच्या व्हर्जिनियातल्या पाककृतींच्या पुस्तकात गार चहा आहे, तोही हिरव्या पत्तीचा, आणि त्यात ग्लासात बर्फ, त्याच्यावर दोन चमचे साखर आणि त्याच्यावर चहा ओतायला सांगितलंय. म्हणजे माझी चूक आधीच छापून आलेली आहे. आईला दाखवलं. ती म्हणाली, "म्हणूनच मागे पडली ती पद्धत."

त्याच रात्री हेही कळलं की या सगळ्यात आपलाही हात आहे. 1904 च्या सेंट लुईसच्या जागतिक जत्रेत रिचर्ड ब्लेचिंडन नावाचा साहेब भारतातल्या काळ्या चहाचा प्रचार करायला आला होता, उकाड्यात गरम चहाला कोण विचारतंय, मग त्याने गार करून पाजला म्हणतात. शोध काही त्याचा नाही, पण प्रसिद्धी त्याने केली. आणि त्याचे भोग मी अल्फारेट्टात भोगतोय.

तिसरा घाणा चवीला जमला. घाईत गरमगरमच फ्रिजमध्ये सरकवला आणि सकाळी बघतो तर पंचगंगेचं पुराचं पाणी. चहा एकदम गार केला की त्यातली द्रव्यं एकमेकांना धरून बसतात आणि गढूळ होतो. आजींना फोन केला. त्या म्हणाल्या, चिमूटभर बेकिंग सोडा टाक, सगळ्या टाकतात, कुणी सांगत नाही. भज्यांचा सोडा चहात! आईने डबा दिला, पण माझ्याकडे न बघता.

चौथा घाणा. एक लिटर उकळतं पाणी, सोड्याची चिमूट, चार पिशव्या, झाकण, मग कडक अर्कात साखर, ती आई म्हणाली मी मोजते तू बर्फ बघ, मग वरून साधं पाणी, ओट्यावर गार होऊ दिला आणि मगच फ्रिज. सकाळी उजेडात चहाचा जग धरला, पलीकडची खिडकी दिसत होती, तांबूस आणि लख्ख. मी तसे अजून दोन केले.

चार जुलैला आजी वॉकर घेऊन हळूहळू आल्या, खुर्चीत बसल्या, ग्लास उन्हात धरला, मान डोलावली. माझा ऊर भरून आला. मग एक घोट घेतला आणि फार मायेने विचारलं, "हनी, तुमच्या घरी कुणाला शुगर आहे का?"

मी आईकडे बघितलं. आई आभाळाकडे बघत होती.

"एकच कप घातली," ती मराठीत म्हणाली. "माणसं मारायची आहेत का?"

मी आजींना काहीतरी सांगायला तोंड उघडलं, तोवर त्यांनी वॉकरला अडकवलेल्या पिशवीतून एक बरणी काढली. साखरेचा पाक. माझ्यावर भरवसा ठेवून घरूनच आणलेला. तिन्ही जगांत त्यांनी तो बिनधास्त ओतला, ढवळलं, आणि पाचएक मिनिटांत माझ्या चहासमोर रांग लागली.

बरणीच्या काठाला ओघळ राहिला होता. आईने तो बोटावर घेतला, अंगठा लावून हळूच ताणून बघितला.

"एकतारी आहे," ती म्हणाली. "बाईला येतं."