आधी फी भरा, मग गरीब व्हा

बारावीचा निकाल लागला की आमच्या गोव्यातल्या डिचोलीत दोघांचा धंदा तेजीत येतो, एक पेढेवाल्याचा आणि दुसरा माझा. माझं झेरॉक्सचं दुकान आहे, सोबत ऑनलाईन फॉर्म भरून द्यायला एक कॉम्प्युटर आणि एक स्कॅनर, जो दुपारी तापला की सगळ्या पोरांना कावीळ झाल्यासारखे फोटो देतो. पेढेवाला दोन दिवसांत मोकळा होतो, माझं मात्र चवथीची माटोळी बांधेपर्यंत, म्हणजे गणपतीपर्यंत, चालू असतं. सरकारच्या शैक्षणिक योजनांचा सगळ्यात नियमित लाभार्थी कोण म्हणाल तर मी, पानाला 2 रुपये, रोख, आधार सीडिंग नको की ओटीपी नको. तेव्हा खाल्ल्या मिठाला जागून चार गोष्टी सांगतो, ज्यांची पोरं पुढंमागं कॉलेजात जायची आहेत त्यांनी ऐकून ठेवा. ज्यांची आत्ताच बारावीला आहेत त्यांना उशीर झालाय, त्यांनी सरळ चार जोडी चपला घ्याव्यात.

कारण खरी तयारी सोयरीक जमवण्यापासून सुरू होते. आमच्याकडे कितीतरी घरांतल्या सुना सावंतवाडी, बांदा, दोडामार्गच्या, आणि पहिलं बाळंतपण माहेरी ही रीत, म्हणजे पोर जन्मतं सिंधुदुर्गात. मग ते सव्वा महिन्याचं असताना गोव्यात येवो आणि अख्खं आयुष्य डिचोलीत काढो, पंधरा वर्षांचा रहिवासी दाखला काढायला गेलं की खिडकीवरचा माणूस आधी जन्मदाखल्याकडे बघतो, मग पोराकडे बघतो, जणू ते काल रात्रीच्या गाडीनं थिवीला उतरलंय. म्हणून माझं म्हणणं, कळा सुरू झाल्या तरी पत्रादेवीचा नाका ओलांडू नका. आणि पंधरा वर्षं म्हणजे सलग हां. मधेच बापाची बदली बेळगावला झाली तर बापानं जावं, पोरानं नाही, पोरानं पिंपळासारखं एका जागी उभं राहायचं. आपली आयआयटीच बघा ना, 2016 मध्ये आली ती फर्मागुडीला दुसऱ्याच्या कॅम्पसात पाहुणी म्हणून राहिली, स्वतःच्या जागेसाठी लोलये झालं, मेळावली झालं, सांगे झालं, सगळीकडून परत. तिलासुद्धा पंधरा वर्षांचा दाखला 2031 च्या आधी मिळायचा नाही, तिथं तुमच्या पोराचं काय घेऊन बसलात.

रहिवास जमला की गरिबी. आता गरीब कोणीही होतो, त्यात काही कौशल्य नाही, पण कितपत गरीब व्हायचं हे आधी ठरवावं लागतं. अनुसूचित जातीतल्या मुलाला मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती हवी तर घरचं उत्पन्न वर्षाला अडीच लाखांच्या आत पाहिजे. आईला गोव्याच्या गृह आधार योजनेचे महिना 1500 हवेत तर नवराबायकोचं मिळून 3 लाखांच्या आत. केंद्राची गुणवत्ता शिष्यवृत्ती हवी, पदवीला वर्षाला 12 हजारवाली, तर साडेचार लाख. पीएम विद्यालक्ष्मीच्या शैक्षणिक कर्जावर व्याजात 3 टक्के सूट हवी तर 8 लाख. आणि इन्कम टॅक्सवाले आता नव्या पद्धतीत 12 लाखांपर्यंत काहीच घेत नाहीत, म्हणजे त्यांच्या लेखी तोही बिचाराच. एकच बाप, एकच शर्ट, दहा वाजता एका खिडकीवर श्रीमंत आणि साडेअकराला दुसऱ्या खिडकीवर गरीब. मधे चहा प्यायला वेळ मिळतो तेवढाच काय तो मध्यमवर्ग.

माझा एक गिऱ्हाईक आहे, फार्मा कंपनीत पॅकिंगला. पोरीला बारावीला 91 टक्के, कॉमर्स. सगळे कागद लावून झाले आणि उत्पन्नाच्या दाखल्यावर आकडा आला 4 लाख 52 हजार. 2 हजार कुठून वाढले म्हणून आम्ही दोघं स्लिपा घेऊन बसलो, तर निघाला चवथीचा बोनस. आता तुम्हीच सांगा, बोनस घ्यावा का माणसानं? घेऊ नये. साहेबाच्या केबिनमध्ये जाऊन सांगावं, सर, बोनस राहू दे, फार तर मला थोडं रागवा, पण पगार वाढवू नका, पोरगी कॉलेजला जातेय. त्यानं घेतला. मग 2 हजारांच्या श्रीमंतीत 12 हजार गेले, आणि वर कंपनीच्या लोकांना पार्टी दिली ती वेगळीच.

ट्रकवाल्यांची तर याहून मजा. खाणी 2012 मध्ये बंद पडल्या, मग थोड्या सुरू झाल्या, मग 2018 मध्ये सुप्रीम कोर्टानं 88 लीझं रद्द केली आणि मार्चपासून पुन्हा काही वर्षं सगळं ठप्प. आमच्या बाजूला मये, पिळगाव, साखळी कुठंही जा, अंगणात ट्रक उभा, टायरवर घोसाळ्याचा वेल चढलेला, बॉनेटवर मिरच्या वाळत घातलेल्या. पण आरसी बुकात मालक म्हणून नाव आहे ना! ट्रकमालकाचं पोर आणि गरीब? हे कसं? अशा बापानं ट्रकसोबत फोटो काढून जोडावा असं मी सुचवतो, मिरच्या दिसतील असा. कलर प्रिंट 10 रुपये.

हां, आणि खाणीवरून आठवलं. लोक उगाच म्हणतात की सरकारनं पुढच्या पिढीसाठी काही साठवलं नाही. साठवलंय की. 2014 च्या एप्रिलमध्ये सुप्रीम कोर्टानंच सांगितलं की खनिज विकून जे येईल त्यातले 10 टक्के कायमस्वरूपी निधीत टाका, पुढच्या पिढ्यांचाही या मातीवर हक्क आहे म्हणून. म्हणजे घोसाळ्याच्या वेलाखालचं जे पोर आहे ते कायद्यानं निधीवालं आहे. फक्त त्या निधीतून वह्या घेता येतील असा फॉर्म अजून माझ्या दुकानात कोणी झेरॉक्सला आणलेला नाही. आला की कळवतो.

मुलगी असेल तर मात्र तुम्ही नशीबवान, तिच्यासाठी सुकन्या समृद्धी आहे, 2015 पासून. वर्षाला कमीत कमी 250, जास्तीत जास्त दीड लाख, आणि व्याज 2024 पासून 8.2 टक्के, चांगलंच आहे, यात खरंच नाव ठेवण्यासारखं नाही. फक्त ती दहा वर्षांची व्हायच्या आत पोस्टात जायचं. आमचे लोक जागे होतात दहावीच्या निकालाला, पोस्टातली बाई म्हणते दहावी नाही हो, दहा. बरं वेळेत उघडलंत, समजा नवव्या वर्षी, तर खातं पिकणार 21 वर्षांनी, म्हणजे मुलगी 30 ची. मधे दहावी झाल्यावर किंवा 18 पूर्ण झाल्यावर शिक्षणासाठी म्हणून निम्मे काढता येतात, फीची पावती दाखवून. आणि लग्न ठरलं तर? मग 18 नंतर सगळेच काढून खातं बंद करता येतं. म्हणजे शिकलीस तर अर्धे, उजवलीस तर पूर्ण. आपल्या गोव्याची लाडली लक्ष्मीसुद्धा 2012 मध्ये आली ती 1 लाख रुपये घेऊन आणि लग्नाचा बोजा कमी व्हावा म्हणूनच आली. तेव्हा हुशार मुलींनी मास्टर्सच्या फॉर्मसोबत एक लग्नपत्रिका छापून ठेवावी, माझ्याकडे 50 कॉपींवर डिस्काउंट आहे.

कर्जाचं फार सांगत नाही. गोव्यात शिक्षण विकास महामंडळाचं व्याजमुक्त कर्ज आहे, बऱ्याच पोरांची इंजिनिअरिंगं त्यावर झाली, माझ्या भाच्याचंही झालं. विद्यालक्ष्मीला जामीनदार लागत नाही, पण कॉलेज यादीतलं लागतं, सुरुवातीला देशभरातल्या 860 संस्था होत्या त्यात. पोर कुठं शिकणार हे त्या यादीला विचारून ठरवा, पोराला विचारत बसू नका.

आता येतो मुख्य गोष्टीवर, स्पेलिंग.

आम्ही नाईक. माझ्या वडिलांची जन्मनोंद पोर्तुगीज अमदानीतली, त्यात नाईकच्या शेवटी क्यू यू ई. शाळेत माझं नाव घालायला ते तोच कागद घेऊन गेले, मास्तरांनी इमानेइतबारे तसंच उतरवलं, म्हणून माझ्या मार्कलिस्टवरही क्यू यू ई. आधार काढताना ऑपरेटर म्हणाला इतकं मोठं कशाला, आणि के लावून मोकळा झाला. बँकेनं आधार बघितलं. मुलीच्या शाळेनं माझी मार्कलिस्ट बघितली. तर मुलगी पहिल्या वर्षाला असताना तिचा स्कॉलरशिपचा फॉर्म मीच माझ्या दुकानात, माझ्याच कॉम्प्युटरवर भरला, फोटो 50 केबीच्या आत, दाखला 200 केबीच्या आत, सगळं कापून-दाबून बसवलं, सबमिट दाबलं, तर लाल अक्षरात नेम मिसमॅच. एका कचेरीत गेलो. कुठली ते सांगत नाही, उद्या पुन्हा जायचंय तिथं. तिथला माणूस कागद उजेडात धरून म्हणाला, "हे बापायचें नांव आनी हे बापायचें नांव, दोन बापूय?" मागे रांगेत पंचवीस माणसं, सगळी ओळखीची, निम्म्यांचे फॉर्म मीच भरलेले.

उपाय सोपा आहे. स्टॅम्प पेपर आणायचा, नोटरीकडे जायचं आणि शपथेवर लिहून द्यायचं की के वाला नाईक आणि क्यू यू ई वाला नाईक हे वन अँड द सेम पर्सन आहेत. मी स्वतःला ओळखतो याचं प्रतिज्ञापत्र मी 49 व्या वर्षी केलं. एकदा नाही, तीनदा, कारण पहिल्यात मुलीचं नाव राहिलं आणि दुसऱ्याची शाई सीलवर पसरली. नाव कायमचं बदलून टाकावं म्हणाल तर गोव्यात त्याला वेगळा कायदा आहे, 1990 चा, हौस असेल तर त्याही रांगेत उभे राहा. गंमत म्हणजे हेच क्यू यू ई लिस्बनला सोन्यासारखं चालतं. आमच्या वाड्यावरची तीन पोरं ब्रेक्झिटच्या आधी त्या स्पेलिंगच्या जोरावर पोर्तुगीज पासपोर्ट काढून इंग्लंडला गेली, गोदामात खोके उचलतात आणि घरी पाठवतात तेवढ्यात धाकट्या भावंडांची कॉलेजं निघतात. आजोबांचा जन्मदाखला ही मी बघितलेली सगळ्यात वेगानं पैसे देणारी शैक्षणिक योजना, आणि तीही चारशे-साडेचारशे वर्षं राज्य करून गेलेल्या सरकारची.

फॉर्म मंजूर झाला म्हणून नाचू नका बरं. फी आधी तुम्ही भरायची, पैसे मागाहून येतात. किती मागाहून हे विचारायचं नसतं, विचारलं तर "फाल्यां यो", म्हणजे उद्या ये, हे उत्तर ठरलेलं, आणि या दोन शब्दांसाठी गोव्यात मराठी-कोकणी वाद कधी झालेला नाही, सगळ्यांना कळतात. पहिल्या सेमिस्टरची फी भरायला बायकोनं पिग्मी, म्हणजे रोज थोडे थोडे भरायचं बचत खातं, मोडली. मुदतीआधी मोडली म्हणून व्याज गेलं. दिवसाला 50 रुपये ती माझ्या गल्ल्यातून उचलायची, मला वाटायचं गल्ला फुटका आहे, वर्षाला 18 हजार होतात त्याचे. केंद्राची गुणवत्ता 12 हजार आणि माझ्या बायकोची चोरी 18 हजार. ही पिग्मी 1928 मध्ये उडुपीच्या बाजूला दोन आण्यांवर सुरू झाली म्हणतात, सिंडिकेट बँकेची, आणि मला विचाराल तर कॉलेजसाठी बचत करायची इतकी साधी युक्ती नंतर कोणाला सुचलेली नाही. माणूस दुकानावर येतो, पैसे घेतो, मशीनमधून चिठ्ठी देतो, जातो. बोनाफाईड मागत नाही. तुमची जात, उत्पन्न, जन्म सिंधुदुर्गात की डिचोलीत, काही नाही. असल्या माणसाचं सरकारी खात्यात निभावायचं नाही.

मुलीची पहिल्या वर्षाची स्कॉलरशिप आली. ती तिसऱ्या वर्षाचा शेवटचा पेपर देऊन दुकानात आली, गल्ल्यावर कोपर टेकून लिंबू सोडा पीत होती आणि मोबाईल वाजला. तिला वाटलं कंपनीचा इंटरव्ह्यूचा मेसेज. तिनं दोनदा वाचलं, मग मला दाखवलं, मग आम्ही दोघंही हसत सुटलो, समोरचा गिऱ्हाईक बोनाफाईडच्या तीन कॉपी मागत होता तो तसाच उभा. तेवढ्यात पिग्मीवाला आला. बायको आतून म्हणाली धाकट्याच्या नावानं आजच नवीन खातं उघडा, तो आठवीत आहे, चार वर्षं आहेत हातात. पिग्मीवाल्यानं मशीन बाहेर काढलं, चष्मा पुसला, नाव विचारलं, अर्धं टाईप केलं आणि थांबला.

"नाईक, स्पेलिंग के घालू की क्यू यू ई?"