क्रूझला निघालात? मग हे सामान घ्याच

क्रूझचं बुकिंग झालं? अभिनंदन! आता बॅगा भरायला घ्या. मी कोकणातल्या हर्णैचा. समुद्र दारात असला तरी क्रूझ पकडायला मलाही मुंबईलाच जावं लागतं, आणि मग तीच बोट आमच्या दारावरून गोव्याला जाते. मुंबईच्या वाटेवर माणगावच्या ट्रॅफिकमध्ये किती वेळ लटकलो ते विचारू नका. तेव्हा अनुभवाचे बोल आहेत, ऐका.

दोन रात्रींसाठी चार बॅगा तरी हव्यातच. मोठी बॅग टर्मिनलवर ताब्यात घेतात आणि ती केबिनपर्यंत यायला काही तास लागतात. म्हणून बीपीच्या गोळ्या, पोहायचे कपडे, बाळाचं दूध असं सगळं तिच्याच तळाशी घाला. मग काउंटरवरच्या पोरीवर ओरडायला मोकळे.

आधार कार्ड घरीच राहू दे. मोबाइलमध्ये फोटो असतो ना! बॅटरी संपली तर तो बोटवाल्यांचा प्रश्न.

इस्त्री आणि एक्स्टेन्शन बोर्ड अवश्य न्या. स्कॅनरपाशी काढून घेतातच, पण तुम्ही हुज्जत घालेपर्यंत मागची रांग तरी ताटकळते.

बोट लागू नये म्हणून गोळी निघण्याआधी घ्यायची असते. तुम्ही उलटी झाल्यावर घ्या. केबिन मात्र सगळ्यात वरची, अगदी नाळेवरची, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाची मागा. खालच्या मजल्यावर, मधोमध बोट कमी हलते, मग पैसे कसे वसूल होणार?

सात छोटे आणि एक लांब भोंगा वाजला की सुरक्षेचा सराव सुरू होतो. सूचना देणाऱ्याकडे पाठ करून लाइफ जॅकेटमध्ये सेल्फी काढा. १७ जुलै १९४७ ला मुंबईहून रेवसला निघालेली रामदास बोट बुडाली, सहाशेच्या वर माणसं गेली. तुम्हाला त्याचं काय? फोटो हलला, परत काढा.

आता मुख्य मुद्दा, खाऊ. जेवणखाण तिकिटात धरलेलं असतं आणि बाहेरचं न्यायला बंदी असते. तरी चकल्या, चिवडा, ठेपले साडीच्या घड्यांत लपवायचेच. रात्री बुफेवर तुटून पडायचं आणि पहाटे केबिनमध्ये चकलीचा फडशा पाडायचा. पण रिकाम्या पिशव्यांचं काय करायचं? डब्यात टाकल्या तर सफाईवाला बघेल. मग बाल्कनीतून समुद्रात! माझ्या वरच्या केबिनमधल्या कुटुंबाने हेच केलं. मी चहाचा कप घेऊन किनाऱ्याचे दिवे दिसतात का बघत बसलो होतो. वरून एक तेलकट पिशवी सुटली, वाऱ्याने आत वळली आणि थेट माझ्या कपावर बसली. कोपऱ्यात चकलीचा चुरा, चार तीळ. मान वर करतोय तोवर दुसरी. मग पाण्याची बाटली, झाकणासकट. ती गेली पाण्यात. मी ओरडलो, तर वरून शांतपणे उत्तर आलं, "अहो काका, खाली काही नाहीये, समुद्र आहे!"

खाली काही नाही? काल रात्री बुफेत तीनदा घेतलीत ती सुरमई काय मळ्यात पिकते? वेळास-अंजर्ल्याच्या पुळणीवर अंडी घालायला येणारी कासवं याच पाण्यात असतात. तरंगणारी पिशवी त्यांना जेलीफिश वाटते आणि ती गिळतात. जहाजावरून समुद्रात प्लास्टिक टाकायला १९८८ पासून आंतरराष्ट्रीय बंदी आहे. ती मालवाहू जहाजालाही लागू आहे आणि तुमच्या चकलीच्या पिशवीलाही.

बास झाल्या टिपा. तुमची बाटली कुठे गायब होत नाही हो! पावसाळ्यात उधाणाची भरती आली की ती आमच्या पुळणीवर येऊन पडते आणि आमची पोरं वाकून वाकून उचलतात. जाळं ओढलं की मासळीआधी तुमच्या पिशव्या निवडाव्या लागतात. तिकिटाला हजारो रुपये मोजता आणि पिशवीची घडी करून बॅगेत घालायला हात दुखतात? ज्या साडीत लपवून आणलीत त्याच साडीत गुंडाळून घरी न्या की! तेही स्वतःच्या पोरासमोर करता? तुमचा मुलगा शेजारीच उभा होता. तुमचं बघून त्यानेही बिस्किटाचा कागद खाली सोडला आणि तुम्ही हसलात. लाज वाटायला हवी होती.

आणि मला काका म्हणू नका.