लिव्हरचं ऑपरेशन आहे म्हणून बीपीची गोळी बंद करू नका

लालबाग-परळच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: ‘ऑपरेशनात लिव्हरचा रक्तपुरवठा थांबवतात. बीपी असेल तर लिव्हर निकामी होतं. आठवडाभर आधी गोळी बंद करा.’ आमच्या चाळीतल्या काकांनी खरोखर बंद केली. डब्यात सात गोळ्या तशाच पडलेल्या पाहून काळजात धस्स झालं.

रक्तपुरवठा थांबवतात, हे खरं. ही पद्धत प्रिंगल या सर्जनने 1908 साली मांडली. पण लिव्हरकडे रक्त नेणाऱ्या वाहिन्यांना साधारण 15 मिनिटं चिमटा लावतात, 5 मिनिटं सोडतात. यात लिव्हरला जी इजा होते, तिचा बराचसा भाग रक्त परत सुरू झाल्यावर होतो: ऑक्सिजन एकदम आला की पेशींना घातक रेणू तयार होतात, सूज येते. वर्षानुवर्षं वाढलेल्या बीपीने रक्तवाहिन्यांचं आतलं अस्तर बिघडलेलं असतं, म्हणून डॉक्टर जास्त जपतात. म्हणजे बीपी ताब्यात हवं, मोकाट नको! आणि बीपी फार खाली गेलं तरी लिव्हरला इजा होतेच.

काही गोळ्या ऑपरेशनच्या सकाळी थांबवतात. काही अचानक सोडणं धोक्याचं. कोणती कुठली, ते भूलतज्ज्ञच ठरवतील. गोळ्यांची पाकिटं सोबत न्या आणि त्यांना दाखवा.