लेसरने अणूंचे नियम मोडलेले नाहीत

‘शास्त्रज्ञांनी लेसर टाकून अणूंमधलं बल बदललं, निसर्गाचे नियम मोडले, आता हवा तो पदार्थ बनवता येईल’ असा मजकूर व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतोय. प्रयोग खरे आहेत, पण काढलेले अर्थ चुकीचे आहेत. खरी गोष्ट इतकी देखणी आहे की ती अशी विद्रूप झालेली मला बघवत नाही.

आधी ‘बल बदललं’ हे पाहू. विद्युतचुंबकीय बलाचा नियम लेसर लावल्यावरही तोच असतो. बदलते ती टक्कर. अतिशीत अणू इतके संथ असतात की त्यांच्या टकरीचा सगळा हिशेब एका आकड्यात मावतो. त्याला स्कॅटरिंग लेंग्थ म्हणतात. हा आकडा धन असला तर अणू एकमेकांना ढकलल्यासारखे वागतात, ऋण असला तर ओढल्यासारखे. नेमक्या वारंवारतेचा लेसर टकरीतल्या जोडीला उत्तेजित रेणूच्या अवस्थेशी जोडतो. जोडी तिथे जेमतेम शिवून परत येते, आणि तेवढ्यानेच तिचं विखुरणं बदलतं. रुबिडियमचा हा आकडा एरवी सुमारे 100 बोर त्रिज्या (बोर त्रिज्या म्हणजे साधारण हायड्रोजन अणूची त्रिज्या), म्हणजे साधारण 5 नॅनोमीटर असतो. 2004 मध्ये ऑस्ट्रियातल्या इन्सब्रुकमध्ये तो 10 ते 190 बोर त्रिज्यांपर्यंत फिरवून दाखवला गेला. लेसर बंद केला की आकडा पुन्हा मूळ जागी येतो.

आणि नियम मोडले कुठे? हा परिणाम 1996 मध्येच क्वांटम सिद्धांतावरून कागदावर मांडला गेला होता. नियम मोडला असता तर भाकीत खरं ठरलंच नसतं.

‘प्रकाशाने तर अणू तापतील’ ही त्या मजकुराखाली कुणी विचारलेली शंका मात्र रास्त आहे. उत्तेजित रेणू काही नॅनोसेकंदांतच फुटतो आणि त्याचे अणू, ज्या सापळ्यात ते धरून ठेवलेले असतात त्यातून, निसटतात. म्हणूनच इन्सब्रुकमध्ये झटपट मोजमाप करावं लागलं. चुंबकाने हेच नियंत्रण 1998 पासून जमतं, तेही खूप कमी नुकसानीत. तरी लेसर हवा, कारण तो अणूंच्या ढगाच्या एका कोपऱ्यावर रोखता येतो आणि क्षणात बंद करता येतो.

राहिला ‘हवा तो पदार्थ’. हे सगळं घडतं हवेपेक्षा लाखपटीहून विरळ वायूत, केल्विनच्या काही कोट्यंश तापमानाला. खोलीतल्या लोखंडाच्या तुकड्यावर तोच लेसर सोडला तर तुकडा जरासा कोमट होईल, इतकंच.