कमी किलोमीटर म्हणजे नवी कोरी? छे!

"१९८० च्या दशकातली टेस्टारोसा, चाललीये अगदी कमी, म्हणजे जवळपास नवीच" हे जुन्या फेरारीवरच्या लेखातलं वाक्य काही पटलं नाही बुवा. टायमिंग बेल्ट (इंजिनातल्या व्हॉल्व्ह आणि पिस्टनचा मेळ राखणारा पट्टा) नुसतं मीटर बघून म्हातारा होत नाही, वर्षं बघूनही होतो, आणि या फेरारीत तो बदलायचा तर मागचं अख्खं १२ सिलिंडरचं इंजिन सबफ्रेमसकट (म्हणजे ज्या चौकटीवर ते बसवलेलं असतं तिच्यासकट) खाली उतरवावं लागतं, त्याचं बिल कोण भरणार? न बदलता चालवली आणि बेल्ट तुटला तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटून इंजिनच बसतं.

आमच्या वडिलांची पद्मिनी (तीही मूळची इटालियनच की, फियाट ११००) कित्येक वर्षं शेडमध्ये झाकून ठेवलेली, बाहेरून एकदम चकाचक, पण काढली तेव्हा ब्रेक सिलिंडर जाम, टाकीत गंज आणि पेट्रोलचा चिकट रॉकेलसारखा वास मारणारा गाळ झालेला. उभी गाडी जास्त सडते राव! म्हणून मीटरचे फोटो राहू द्या, सर्व्हिसची बिलं दाखवा म्हणावं आणि टायरवरचा तारखेचा कोड बघा, चार आकडे असतील तर आधी आठवडा मग वर्ष, तीनच दिसले तर तो टायर २००० च्या आधीचा, त्यावर टेस्ट ड्राइव्ह पण घेऊ नका.