‘जॉर्जनी एका हाकेत रेल्वे बंद पाडली, मिळालं शून्य’ : किती खरं?

1974च्या रेल्वे संपाबद्दल एक मजकूर वरचेवर फिरतो: जॉर्ज फर्नांडिस हे मुंबईतल्या टॅक्सीवाल्यांचे पुढारी, रेल्वेशी संबंध नसताना घुसले, एका हाकेवर देश थांबवला, मग स्वतःच संप मागे घेतला, कामगारांना छदामही मिळाला नाही, उलट आणीबाणी आली.

‘बाहेरचा माणूस’ हा आक्षेप कायद्यालाच मान्य नव्हता. 1926च्या ट्रेड युनियन कायद्याने तेव्हा किमान निम्मे पदाधिकारी त्या उद्योगातले असावेत, एवढीच अट घातली होती. ऑल इंडिया रेल्वेमेन्स फेडरेशन या रेल्वे कामगारांच्या महासंघाचं अध्यक्षपद आधी जयप्रकाश नारायण यांनी भूषवलं होतं. 1973च्या अखेरीस जॉर्जनी ते निवडणुकीत मिळवलं, तेही गोव्याच्या पीटर अल्वारिसना हरवून. आणि नुसते टॅक्सीवाले? गोदी, महापालिका, बेस्ट हे सगळं गाळून कसं चालेल!

एका हाकेचं म्हणाल, तर संप सुरू झाला तेव्हा जॉर्ज तुरुंगाबाहेर होतेच कुठे? फेब्रुवारी 1974मध्ये दिल्लीत अनेक संघटनांची समन्वय समिती झाली. काँग्रेसच्या बाजूची मान्यताप्राप्त फेडरेशन मात्र समितीबाहेर राहिली. संपातली मोठी फट तीच. 23 एप्रिलला नोटीस गेली, 8 मेला सकाळी सहापासून काम बंद ठरलं. वाटाघाटी चालू असतानाच 2 मेला जॉर्जना लखनऊत अटक झाली. तरीही संप वीस दिवस चालला, तो ठिकठिकाणच्या शाखांच्या जिवावर. ‘एकट्याचा करिश्मा’ म्हणणारे भक्तही इथे टीकाकारांइतकेच चुकतात.

संप ‘त्यांनी’ मागे घेतला हेही तसंच. हजारोंची धरपकड, बडतर्फी, क्वार्टर्स रिकामे करायला लावणं, इंजिनांवर प्रादेशिक सेनेची माणसं, या माऱ्यात समन्वय समितीच्या तुरुंगाबाहेर उरलेल्या कृती समितीने बिनशर्त माघार ठरवली आणि 28 मेच्या सकाळपासून काम सुरू झालं. जॉर्ज तेव्हा तिहारमध्ये होते. ही हार होती, ती विजय म्हणून रंगवण्यात अर्थ नाही.

आणीबाणी तेरा महिन्यांनी, 25 जून 1975ला लागली. तातडीचं निमित्त इंदिरा गांधींची निवडणूक रद्द करणारा अलाहाबाद उच्च न्यायालयाचा 12 जूनचा निकाल.

आता ‘शून्य’. मुख्य मागणी बोनसची. 1965च्या बोनस कायद्यात किमान बोनस 1972 पासून वर्षाच्या पगाराच्या 8.33 टक्के, म्हणजे साधारण एक महिन्याचा पगार. पण सरकारी खात्यामार्फत चालणारे उद्योग कलम 32ने वगळलेले. कारखान्यातल्या फिटरला बोनस, रेल्वे वर्कशॉपातल्या फिटरला नाही, हे दुखणं होतं. 1977मध्ये जनता सरकार आल्यावर बडतर्फ झालेले कामावर परतले. 1979-80 पासून रेल्वेत उत्पादकतेशी निगडित बोनस सुरू झाला; केंद्राच्या खात्यांत असा पहिलाच. हे एकट्या संपाचं फळ म्हणणं अति होईल, पण मागणी तीच होती. 2024-25साठी अराजपत्रित (म्हणजे वरचे अधिकारी सोडून बाकीच्या) कर्मचाऱ्यांना (रेल्वे सुरक्षा दल सोडून) 78 दिवसांचा बोनस मंजूर झाला. हिशेब असा: हिशेबात धरायच्या पगाराची दरमहा 7,000 रुपयांची मर्यादा, गुणिले 12, भागिले 365, गुणिले 78, जास्तीत जास्त 17,951 रुपये. दिवस ऐकायला भरपूर, पण मूळ वेतन कितीही असो, मर्यादा सात हजारच. रेल्वे युनियनचं आजचं भांडण नेमकं त्या सात हजारांवर आहे.