फ्रॅक्चर नाही ना? मग झालं!

अस्थिरोगतज्ज्ञांच्या प्रतीक्षागृहात मानाची एक अलिखित उतरंड असते. ज्यांच्या हाडात पट्टी आणि स्क्रू बसवलेले आहेत ते सर्वांत वर, त्यांच्या खालोखाल प्लास्टरवाले, मग गळ्यात हात अडकवलेले, आणि अगदी तळाशी ज्यांचा पाय ‘नुसता मुरगळला आहे’ असे लोक. मी या शेवटच्या वर्गातली. जिना संपायला अजून एक पायरी शिल्लक आहे, ही बाब माझ्या डोळ्यांनी उजव्या पायाला वेळेवर कळवली नाही, पाऊल आतल्या बाजूला वळले आणि घोट्याच्या बाहेरच्या अंगाला हाडाशी हाड बांधून ठेवणारे जे तीन अस्थिबंध असतात, त्यांतला पुढचा, म्हणजे अशा प्रसंगी सहसा सर्वांत आधी बळी जाणारा, अर्धवट फाटला. घोटा सुजून दिसेनासा झाला. तरीही घरी येणाऱ्या प्रत्येकाचा पहिला प्रश्न एकच होता, “फ्रॅक्चर नाही ना?” आणि माझे उत्तर ऐकताच चेहऱ्यावर उमटणाऱ्या समाधानात थोडी निराशाही मिसळलेली असे.

निदान एक क्ष-किरण चित्र तरी हाती लागेल, या आशेने मी डॉक्टरांकडे गेले होते. परंतु कॅनडातील ओटावा येथील डॉक्टरांनी १९९२ साली काही नियम प्रसिद्ध करून ठेवले आहेत आणि माझे डॉक्टर त्यांचे कडवे अनुयायी निघाले. घोट्याच्या दोन्ही बाजूंच्या हाडांची मागची कड टोकापासून सहा सेंटीमीटरपर्यंत दाबली असता दुखत नसेल, पावलाच्या मधल्या भागातली ठरावीक दोन हाडे दाबूनही रुग्ण ओरडत नसेल आणि त्याला चार पावले टाकता येत असतील, तर हाड मोडल्याची शक्यता इतकी कमी असते की, चित्र काढण्याची गरज उरत नाही. लंगडत टाकलेली पावलेही चालतात, हे कलम मला नंतर कळले. मी दातओठ खात चार पावले टाकली आणि परीक्षेत उत्तीर्ण झाल्यामुळे चित्राला मुकले. तिसऱ्या पावलाला खाली बसले असते तर काय बिघडले असते, असा विचार आजही मनात येतो. “काढले तरी अस्थिबंध त्यात दिसत नाहीत,” असे म्हणून डॉक्टरांनी माझी उरलीसुरली आशाही संपवली.

प्लास्टरचीही तीच गत. मॅथाइझेन नावाच्या डच लष्करी शल्यचिकित्सकाने १८५२ मध्ये प्लास्टरची पूड चोळलेल्या पट्ट्या ओल्या करून गुंडाळण्याची आपली पद्धत जगापुढे मांडली. तेव्हा त्याच्या डोळ्यांसमोर मोडलेली हाडे होती, मुरगळलेल्या पायांची प्रतिष्ठा नव्हती. माझ्या वाट्याला मातकट रंगाचे क्रेप बँडेज आले, ज्यावर कोणी सही करत नाही.

समाचाराला आलेल्यांत मामांचे दुखणे सर्वांत ऐटबाज होते. त्यांना टेनिस एल्बो झाला होता. आयुष्यात त्यांनी रॅकेट हातात धरलेली नाही. कपाटांचे स्क्रू पिळून पिळून कोपराच्या बाहेरच्या बाजूचा स्नायुबंध दुखावला होता, आणि तसे पाहिले तर हा आजार होणाऱ्या बहुतेकांचा टेनिसशी संबंध नसतोच. पण नावातच मैदान असल्यामुळे त्यांच्याकडे आदराने पाहिले जाई. मावशीची कहाणी मात्र डोळे उघडणारी होती. ती तळहातावर पडली, अंगठ्याच्या मुळाशी दुखू लागले, पहिल्या चित्रात काही दिसले नाही आणि घरातल्या सर्वांनी तिला मलम चोळायला सांगून विषय संपवला. मनगटातले स्कॅफॉइड नावाचे चिमुकले हाड मोडले तरी कधी कधी पहिल्या चित्रात लपून राहते. दोन आठवड्यांनी पुन्हा चित्र काढले तेव्हा चीर दिसली आणि मावशीला एका दिवसात बढती मिळाली. मलम सुचवणारेच आता तिच्या हातातले ओझे धावत येऊन घेऊ लागले.

बर्फ की शेक, यावरून मामा आणि मावशी यांच्यात माझ्या पायाशी बसूनच जुंपली. विश्रांती, बर्फ, पट्टी आणि उंची ही चतुःसूत्री १९७८ मध्ये रूढ करणारे अमेरिकन डॉक्टर गेब मर्किन यांनीच पुढे बर्फाने बरे होण्याची गती मंदावू शकते असे म्हटले, हे मी सांगताच दोघेही आपण जिंकलो असे समजून शांत झाले. बर्फाने वेदना कमी होत होती, म्हणून मी तो फडक्यात गुंडाळून लावतच राहिले. पाय हृदयापेक्षा उंच ठेवण्याचा आदेश पाळताना मात्र छताखेरीज काहीही वाचता येत नाही.

खरा अन्याय पुढे आहे. मोडलेले हाड जुळते तेव्हा त्या जागी पुन्हा हाडच तयार होते. फाटलेला अस्थिबंध मात्र व्रणाच्या धाग्यांनी सांधला जातो, त्याला पूर्ववत बळ यायला कित्येक महिने लागतात आणि एकदा मुरगळलेला घोटा पुन्हा मुरगळण्याची शक्यता वाढते. शिवाय सांध्याची स्थिती मेंदूला कळवणारी यंत्रणाही बिघडते, म्हणून फिजिओथेरपिस्ट बाईंनी मला एका पायावर उभे केले. ते जमू लागताच डोळे मिटायला लावले, आणि तेव्हा मी कपाटाला मिठी मारली.

त्यानंतर पायाच्या अंगठ्याने हवेत मुळाक्षरे गिरवण्याचा व्यायाम आला. ‘ग’ आणि ‘म’ सोपे गेले, ‘ळ’ने घोटा दोन्हीकडे फिरवला आणि ‘क्ष’पाशी मी घामाघूम झाले. तुलनेसाठी बाईंनी डाव्या पायानेही तेच करायला सांगितले. डाव्या पायाने सगळी अक्षरे एका दमात गिरवली. बाई क्षणभर पाहत राहिल्या आणि म्हणाल्या की, माझ्या हाताने भरलेला अर्ज वाचताना त्यांना जितका त्रास झाला होता, तितका आत्ता मुळीच झाला नाही.